कांचेच्या टांकींतील समुद्र आणि त्यांतील अनाहूत जीव

घराच्या दिवाणखान्यांत कांचेची टांकी मांडून तींत खारें पाणी, समुद्रांतील खडक आणि रंगीत मासे बाळगण्याची हौस अलीकडे मोठ्या शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांतही दिसूं लागली आहे. ही हौस ज्यांस आहे त्यांस एक अनुभव हटकून येतो. टांकींत बसविण्यासाठीं आणलेला सच्छिद्र खडक पहिले कांहीं आठवडे साध्या दगडासारखा पडून असतो. पुढें एके दिवशीं त्याच्या फटींतून एक पारदर्शक देंठ वर येतो व त्याच्या टोंकाशीं बारीक तंतूंचें वलय उमलतें. दुसऱ्या बाजूस इवल्याशा पांढऱ्या सुगडांसारखें कांहींतरी चिकटलेलें आढळतें. कांचेवर तिळाएवढे राखी ठिपके सरकतांना दिसतात. हें कोणीं लावलेलें नसतें, कोणीं विकत आणलेलें नसतें. घरांत लागलीच मतभेद सुरू होतात. एक म्हणतो हें शेवाळ, दुसरा म्हणतो हा किडा, तिसऱ्यास तें प्रवाळाचें पिल्लू वाटतें. आणि तें उपटून टाकावें कीं जपावें, हा प्रश्न निर्णयावांचून तसाच राहतो.

हा घरगुती वाद फार जुना आहे. तीनशें वर्षांपूर्वीं तोच वाद पॅरिस येथील विद्वत्सभेपुढें आला होता व त्यांत एका प्रामाणिक वैद्याचें काम धुळीस मिळण्याची वेळ आली होती. पुढेंही निदान एकदां ह्याच स्वरूपाच्या चुकीमुळें एका अत्यंत विलक्षण प्राण्याकडे प्राणिशास्त्रानें अर्धशतकाहून अधिक काळ पाठ फिरविली. प्रस्तुत लेखांत आम्ही ह्या वादाचा इतिहास थोडक्यांत सांगणार आहों. समुद्रांतील ह्या चमत्कारिक जीवांची ओळख पटविण्याचें काम संग्रहालयांच्या कपाटांपेक्षां खिडकींत ठेवलेल्या बरणींतच अधिक झालें, असें आमचें मत आहे; तें कितपत साधार आहे हें वाचकांनींच पाहावें.

प्रथम आपल्याच घरापासून आरंभ करूं. पोंवळ्यास संस्कृतांत प्रवाल म्हणतात, आणि प्रवाल ह्या शब्दाचा एक अर्थ कोवळा अंकुर किंवा पालवी असा आहे. विद्रुम ह्या दुसऱ्या नांवांत तर द्रुम, म्हणजे झाड, उघडच बसलेलें आहे. आणि लतामणि हें तिसरें नांव वेलीची आठवण करून देतें. आमच्या पूर्वजांनीं पोंवळ्याची गणना नवरत्नांत केली, त्यास मंगळाचें रत्न मानिलें, वैद्यांनीं त्याचें भस्म केलें. परंतु शब्दाच्या पोटांत तें झाडच राहिलें. ह्यांत आमच्याच लोकांस हंसण्यासारखें कांहीं नाहीं. मेड्यूसा राक्षसीच्या छिन्न मस्तकाचा स्पर्श होतांच समुद्रांतील कोवळ्या डहाळ्यांचा दगड झाला, अशी कथा रोमन कवि ओव्हिड ह्यानें सांगितली आहे. आणि पोंवळें पाण्यांत मऊ असून हवेंत येतांच कठीण होतें, ही समजूत युरोपांत त्यानंतर शतकानुशतकें चालली. शिवाय जें तांबडें पोंवळें आमच्याकडील बायकांच्या गळ्यांत असे, तें पुष्कळदां भूमध्य समुद्रांतूनच आलेलें असे. इटलींतील लिव्होर्नोसारख्या बंदरांतून तें जहाजांवर चढे, गोव्यास उतरे, आणि त्याच्या मोबदल्यांत येथील हिरे तिकडे जात. म्हणजे ज्या वस्तूची परीक्षा पुढें फ्रान्सच्या किनाऱ्यावर व्हावयाची होती, ती आमच्या घरांतील दागिन्यांच्या डब्यांत होतीच. मात्र ती वाळलेली होती, आणि वाळलेलें पोंवळें स्वतःविषयीं कांहींएक सांगत नाहीं.

तें ओलें पाहण्याची बुद्धि काउंट लुइजी फेर्दिनांदो मार्सिली ह्यास झाली. हा बोलोन्याचा सरदार, पेशानें शिपाई. ऑस्ट्रियाच्या सैन्यांतून अपमानित होऊन बाहेर पडल्यावर त्यानें दक्षिण फ्रान्सचा किनारा गांठला व तेथें समुद्राचा अभ्यास मांडला. १७०६ सालच्या हिवाळ्यांत त्यानें पोंवळ्याच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या कांचपात्रांत ठेविल्या. कांहीं वेळानें पाहतो तों लाल सालीवर जागोजाग पांढरीं, आठ पाकळ्यांचीं फुलें उमललेलीं! फांदी पाण्याबाहेर काढली कीं तीं मिटत, पुन्हां पाण्यांत बुडविली कीं उमलत. पोंवळें ही वनस्पति आहे हें आतां फुलांनिशीं सिद्ध झालें, असें मार्सिलीनें जाहीर केलें, आणि विद्वानांनीं तें आनंदानें मान्य केलें. त्यानें जें पाहिलें तें अक्षरशः खरें होतें. अर्थ तेवढा उलटा लागला. मनांत 'फूल' हा शब्द आधींच तयार असल्यामुळें डोळ्यांस फूलच दिसलें. नुसतें जिवंत पाहणें पुरत नाहीं, जें दिसलें त्यास प्रश्नही विचारावे लागतात, ह्याचें हें पहिलें उदाहरण होय.

प्रश्न विचारले ते झां-आंद्रे पेसोनेल ह्यानें. हा मार्से येथील वैद्याचा मुलगा व स्वतःही वैद्य होता. १७२० सालच्या भयंकर प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां त्याचा बाप मरण पावला. पेसोनेलनें मार्सिलीचाच प्रयोग प्रथम मार्सेस १७२३ सालीं व पुढें आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर करून पाहिला. पण फूल उमललें एवढ्यावर तो थांबला नाहीं. त्यानें तीं फुलें डिवचलीं, पाण्यांत आम्ल टाकून पाहिलें, पाणी तापवून पाहिलें, फांद्या मुद्दाम सडूं दिल्या. पाकळ्या स्वतः हालत होत्या, धक्का लागतांच आंखडत होत्या; आणि सडलेल्या फांदीस जो वास आला तो कुजलेल्या पाल्याचा नव्हता, कुजलेल्या मासळीचा होता. हीं फुलें नसून खडकांना चिकटून राहणाऱ्या मांसल समुद्रफुलांसारखे लहान लहान प्राणी आहेत, व पोंवळें हें त्यांनीं निर्माण केलेलें घर आहे, असा निर्णय त्यानें दिला. (आम्हीही त्या मांसल प्राण्यास समुद्रफूल म्हणतों, तेव्हां मार्सिलीस हंसण्याचा अधिकार आम्हांसही फारसा उरत नाहीं.) १७२६ सालीं हा निर्णय पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. तेथें रेओम्यूर ह्या कीटकशास्त्रज्ञाचा शब्द म्हणजे कायदा. रेओम्यूरनें दुसऱ्या वर्षीं तें मत अकादमींत सांगितलें खरें, पण खोडून काढण्यासाठीं सांगितलें, आणि लेखकाचें नांव मुद्दाम गाळलें. असें विलक्षण मत मांडणाऱ्या गृहस्थाचें हंसें होऊं नये, हा त्यांत त्याचा सद्धेतु होता! पेसोनेल राजवैद्य म्हणून वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर निघून गेला. टीका सोसतां येते. परंतु दयेपोटीं आपलें नांवच पुसलें जावें, ह्यासारखा अपमान विद्याव्यासंगी मनुष्यास दुसरा नसेल.

पेसोनेलची सुटका अकादमीनें केली नाहीं. ती एका खासगी शिक्षकाच्या बरणीनें केली. हॉलंडमध्यें हेगजवळ काउंट बेंटिंक ह्याच्या घरीं अब्राहाम ट्रेंब्ली हा त्याच्या दोन मुलांस शिकविण्यास होता. १७४० सालच्या उन्हाळ्यांत बागेंतील डबक्याचें पाणी त्यानें कांचेच्या बरण्यांत भरून खिडकींत ठेविलें, तेव्हां पाणवनस्पतीस चिकटलेले हिरवे तंतु त्यास दिसले. हें एखादें रोपटेंच असावें असें त्यास वाटलें. पण तें आंखडे, पुन्हां लांब होई, आणि हळूहळू बरणीच्या उजेडाकडील बाजूस सरके. नोव्हेंबर महिन्यांत त्यानें त्याचे आडवे दोन तुकडे केले. वनस्पति असेल तर दोन्ही तुकडे वाढतील, प्राणी असेल तर मरेल, असा त्याचा तर्क. थोड्याच दिवसांत दोन्ही तुकड्यांचे दोन पुरे जीव झाले, आणि ते दोन्ही भक्ष्य पकडून गिळूं लागले! ट्रेंब्लीनें हे जीव रेओम्यूरकडे पाठविले. पहिल्या खेपेस बाटलीचें तोंड लाखेनें बंद केल्यामुळें ते गुदमरून मेले. दुसऱ्या खेपेस साधें बूच लावलें, आणि ते जिवंत पोंचले. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावर रेओम्यूरचें मत फिरलें. त्याच्या मित्रमंडळींपैकीं बेर्नार द जुस्यू हा वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्रांतील 'रोपटीं' ताज्या पाण्यांत तपासून आला, व तींही प्राण्यांचीं वसतिस्थानें ठरलीं. १७४२ सालीं आपल्या कीटकविषयक ग्रंथाच्या सहाव्या खंडाच्या प्रस्तावनेंत रेओम्यूरनें पेसोनेलचें नांव घेऊन तो बरोबर होता हें कबूल केलें. ह्याबद्दल आम्ही रेओम्यूरची तारीफच करूं; चूक करणारे अधिकारी पुष्कळ, पण ती छापून कबूल करणारे थोडे. पेसोनेलनें आपलें हस्तलिखित पुढें लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडिलें व त्याचा सारांश तेथें प्रसिद्ध झाला. १७५९ सालीं तो ग्वादलूपमध्येंच वारला.

लंडनमध्यें ह्याच विषयाकडे जॉन एलिस नांवाचा व्यापारी वळला, तो तर निव्वळ शोभेच्या कामांतून. १७५१ सालीं त्याच्याकडे वेल्स व आयर्लंडच्या किनाऱ्यावरील वाळलेलीं समुद्री रोपटीं पेटी भरून आलीं. तीं कागदावर चिकटवून त्यानें एक देखावा तयार केला. तो इतका सुरेख साधला कीं राजघराण्यांतील स्त्रियांसाठींही तसे देखावे करून द्यावे अशी त्यास सूचना झाली. त्यासाठीं निवडानिवड करतांना सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतो तों ह्या पानाफुलांची रचना वनस्पतीची वाटेना. मग तो स्वतः समुद्रावर गेला, तीं ताजीं पाण्यांत ठेविलीं, आणि प्रत्येक 'कळींतून' हात पसरणारा जीव बाहेर येतांना त्यानें पाहिला. १७५५ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. १७६७ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास कोपली पदक दिलें. लिनिअसनें ह्या सर्वांस झूफाइट, म्हणजे प्राणिवनस्पति, असें दोहों दरडींवर पाय ठेवणारें नांव देऊन तडजोड केली. ती तडजोड शास्त्रांत फार काळ टिकली नाहीं. दिवाणखान्यांत मात्र ती अद्याप चालू आहे.

वनस्पति कीं प्राणी हा वाद मिटला तरी ओळखीचा प्रश्न मिटला नाहीं. उलट तो अधिक बिकट झाला, कारण एकच प्राणी दोन वेगळालीं रूपें घेऊन फसवूं शकतो हें आतां उघड व्हावयाचें होतें. एडिंबरो येथील सर जॉन ग्रॅहॅम डॅलिएल हा लहानपणच्या अपघातामुळें पायानें अधू होता. समुद्रावर वारंवार जाणें त्यास अवघड. म्हणून त्यानें समुद्रच घरीं आणविला. त्याच्या घरांत कांचेच्या बरण्यांची रांग असे, व त्यांतील पाणी नेमानें बदललें जाई. त्या बरण्यांत त्यास तुतारीच्या आकाराचे इवले पांढरे जीव चिकटलेले आढळले. त्यांस त्यानें हायड्रा ट्यूबा, म्हणजे तुतारी-हायड्रा, असें नांव दिलें. वर्षानुवर्षें ते तसेच राहत, कळ्या फोडून वाढत. मग एखाद्या वर्षीं त्यांचें अंग लांब होई, त्यावर आडव्या खांचा पडत, बशांची उतरंड रचावी तसें तें दिसूं लागे, आणि एकेक बशी सुटून फडफडत पाण्यांत पोहूं लागे. तिकडे नॉर्वेंत मिकाएल सार्स ह्या खेड्यांतील धर्मोपदेशकानें १८२९ सालीं ही तुतारी व ही उतरंड हे दोन निरनिराळे नवे प्राणी म्हणून वर्णिले होते. पुढें त्यानेंच चिकाटीनें पाहत राहून १८४१ सालापर्यंत सिद्ध केलें कीं दोन्ही एकाच प्राण्याच्या अवस्था, आणि सुटलेली बशी म्हणजे आपला ओळखीचा जेलीफिश! बरणींतील ह्या पांढऱ्या सुगडास एका दिवसाच्या परीक्षेनें कोणींही नवा प्राणीच म्हटलें असतें. तें काय आहे हें सांगण्यास दहा-बारा वर्षें वाट पाहणाराच मनुष्य हवा होता.

डॅलिएलच्या धिमेपणाची आणखी एक साक्ष आहे. १८२८ सालीं नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून त्यानें एक समुद्रफूल आणून बरणींत ठेविलें. १८५१ सालीं डॅलिएल वारला. समुद्रफूल जिवंत होतें. तें एका विद्वानाकडून दुसऱ्याकडे वारसाहक्कानें जात राहिलें, त्यास लोक आजीबाई म्हणूं लागले, त्यास शेंकडों पिलें झालीं, आणि १८८७ सालीं तें मेलें. म्हणजे मनुष्याच्या हातीं तें ५९ वर्षें जगलें.

बरण्यांची टांकी झाली ती १९ व्या शतकाच्या मध्यावर, आणि तींत एका गृहिणीचा वांटा आहे. वेस्टमिन्स्टर येथील धर्माधिकाऱ्याची पत्नी अॅना थिन ही १८४६ सालीं टॉर्की येथें गेली असतां तेथील लहान प्रवाळप्राण्यांवर तिचें मन बसलें, व ते तिनें दगडी बरणींतून लंडनला नेले. वाटेंत ते हिंदकळूं नयेत म्हणून सुईदोऱ्यानें ते स्पंजास टांचून घेतले! लंडनमध्यें समुद्राचें पाणी रोज कोठून येणार? म्हणून उघड्या खिडकीपाशीं बसून एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पाण्याची धार धरावयाची, असा क्रम मोलकरणीकडून रोज अर्धापाऊण तास चाले. पुढें पाण्यांत जिवंत समुद्रशेवाळ ठेविल्यास पाणी टिकतें हें तिच्या ध्यानीं आलें. रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनज्ञानें १८५० सालीं गोड्या पाण्यांतील मासे व वनस्पति ह्यांच्या साहाय्यानें तेंच तत्त्व शास्त्रीय रीतीनें मांडलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, व १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस ह्याच्या 'द अॅक्वेरियम' ह्या पुस्तकानें घरोघर टांकी नेली. कांचेवरील कर १८४५ सालींच उठला होता, आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोंचल्या होत्या. टोपल्या व हातोड्या घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें खडकांवर उतरलीं. दहापंधरा वर्षांत ती हौस ओसरली. तोंपर्यंत खडकांतील डबकीं इतकीं ओरबाडलीं गेलीं होतीं कीं गॉसचा मुलगा एडमंड ह्यानें १९०७ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. आमच्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं खडकाळ प्रवाळास २००१ सालीं पूर्ण संरक्षण मिळालें. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून तें फोडून आणणें हा गुन्हा आहे, हें हौशी मंडळींनीं विसरूं नये.

ह्या गॉसचा आणि आजच्या टांकीचा एक गमतीचा संबंध आहे. १८५८ ते १८६० ह्या वर्षांत त्यानें ब्रिटनच्या समुद्रफुलांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत ऐप्टेशिया ह्या नांवाची एक नवी प्रजाति स्थापिली. आरंभीं वर्णिलेला, खडकाच्या फटींतून वर येणारा पारदर्शक देंठ व त्यावरील तंतूंचें वलय, तो बहुधा ह्याच कुळांतील असतो. टांकींत सर्वत्र आढळणाऱ्या जातीस आतां एक्सऐप्टेशिया म्हणतात, कारण २०१४ सालीं तिची प्रजाति वेगळी काढण्यांत आली. नवख्यास हें प्रवाळाचें गोजिरें पिल्लू वाटतें व तो त्यास जपतो. महिन्या-दोन महिन्यांत सर्व खडक त्यानें व्यापतो, आणि त्याच्या दंशानें शेजारचें प्रवाळ मरूं लागतें. मग रागानें तो त्यास चिमट्यानें ओढून काढतो, आणि येथेंच खरी फसगत होते. ह्या प्राण्याच्या तळव्याचा लहानसा तुकडा जरी खडकावर राहिला तरी त्याचा नवा प्राणी होतो; एकाचे पांच होतात. ट्रेंब्लीनें बरणींत जो चमत्कार कौतुकानें पाहिला, तोच येथें गृहस्थाच्या डोक्यास ताप होतो. उलटपक्षीं, तापलेल्या समुद्रांत प्रवाळ पांढरें कां पडतें ह्याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ हाच उपद्रवी जीव मुद्दाम वाढवितात. प्रवाळाप्रमाणें ह्याच्याही अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें, आणि प्रवाळापेक्षां हा कितीतरी लवकर वाढतो. २०१५ सालीं त्याची संपूर्ण जनुकमाला प्रसिद्ध झाली.

आतां त्या राखी ठिपक्यांकडे वळूं. १८८३ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील प्राणिशास्त्र संस्थेंत, म्हणजे समुद्रापासून दूर, डोंगराळ मुलखांतल्या शहरांत, फ्रान्ट्स आइलहार्ड शुल्त्स ह्यास समुद्रजलाच्या टांकीच्या कांचेवर दोनतीन मिलिमीटर रुंदीचा एक पापुद्रा सरकतांना दिसला. त्यास तोंड नाहीं, पोट नाहीं, मज्जातंतु नाहींत, पुढची बाजू आणि मागची बाजू नाहीं; आकारही क्षणोक्षणीं बदलणारा. शुल्त्सनें त्यास ट्रायकोप्लॅक्स अॅडहेरन्स, म्हणजे चिकटून राहणारा केसाळ पापुद्रा, असें नांव दिलें व हा कोणत्याही ज्ञात वर्गांत न बसणारा प्राणी आहे असें सांगितलें. १९०७ सालीं थिलो क्रुम्बाख ह्यानें निराळेंच मत दिलें. त्याच्या टांकींतून एका जातीचे बारीक जेलीफिशसारखे जीव नाहींसे झाले व त्यानंतर हे पापुद्रे दिसूं लागले. तेव्हां पापुद्रा म्हणजे त्या जीवांचीच बाल्यावस्था, नवा प्राणी वगैरे कांहीं नाहीं. शुल्त्सनें विरोध केला, पण त्याचें कोणीं ऐकिलें नाहीं. क्रमिक पुस्तकांनीं क्रुम्बाखचें मत उचललें, आणि ज्याचें कोडें सुटलें त्याकडे कोण पाहतो? पुढील सुमारें ६० वर्षें ह्या प्राण्याची चौकशी जवळजवळ बंद पडली. गंमत अशी कीं क्रुम्बाखचा तर्क सार्सच्या शोधासारखाच दिसतो: एक रूप गेलें, दुसरें आलें, म्हणून दोन्ही एक. परंतु सार्सनें एक रूप दुसऱ्यांतून निघतांना प्रत्यक्ष पाहिलें होतें. क्रुम्बाखनें एक नाहींसें झालेलें व दुसरें आलेलें एवढेंच पाहिलें. शेवटीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील कार्ल ग्रेल ह्यानें तांबड्या समुद्रांतील शेवाळावरून आलेले पापुद्रे पाळले, त्यांस अन्न दिलें, त्यांची वाढ पाहिली, आणि १९७१ सालीं त्यांच्यासाठीं प्राणिसृष्टीचा एक स्वतंत्र संघच स्थापिला. २००८ सालीं त्याची जनुकमाला वाचली गेली. मनुष्याच्या शरीरांतील कित्येक यंत्रणांचीं मूळ जनुकें ह्या मज्जाहीन पापुद्र्यांत आढळलीं. प्रयोगशाळेंत त्याचे गर्भ कांहीं विभाजनांनंतर मरतात, त्यामुळें त्याचें पुरें जीवनचक्र अजून अंधारांतच आहे. हा प्राणी आजही घरगुती टांक्यांच्या कांचेवर फिरतो, आणि कांच पुसण्याच्या फडक्याबरोबर निघून जातो.

हे सर्व पाहुणे घरांत येतात कसे? १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग नांवाच्या हौशी गृहस्थानें एका अमेरिकन मासिकांत आपली पद्धति प्रसिद्ध केली. समुद्रांतील जीवांनी भरलेला खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढ्यावर तो टांकी चालवीत असे. ह्या 'जिवंत खडकाची' चाल पुढें जर्मनींत व सर्व जगांत पसरली. खडकाच्या पोटांतून जें जें यावयाचें तें येतें. २००७ सालीं तर टांक्यांमध्यें आढळलेल्या एका लालसर चपट्या कृमीचें नवी जाति म्हणून वर्णन झालें. मात्र टांकींतली वाढ टांकींतच राहील असा भरंवसा नाहीं. १९८४ सालीं मोनाको येथील समुद्रसंग्रहालयाच्या खालीं समुद्रतळावर कॉलर्पा नांवाच्या हिरव्या शैवालाचा सुमारें एक चौरस मीटरचा ठिगळ आढळला. अलेक्सांद्र मेनेझ ह्यानें धोक्याची सूचना दिली. त्यावर, ही तर दुसरीच एक जाति असून तिनें केवळ रूप बदललें आहे, असाही युक्तिवाद झाला! वाद चालूं असतां शैवाल हजारों हेक्टरांवर पसरलें. पुढें जनुकांच्या तपासणीनें तें मत्स्यालयांतलेंच ठरलें. तोच वाण २००० सालीं कॅलिफोर्नियांतील एका खाजणांत सांपडला. तेथें ओळख पटतांच त्यावर आच्छादनें घालून तो मारण्यांत आला व २००६ सालीं निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. दोन्ही ठिकाणीं शैवाल एकच. अंतर पडलें तें ओळख लवकर पटली कीं उशिरा, एवढ्यानेंच.

आतां ज्या गोष्टीमुळें हा विषय घरांतील मुलाबाळांपर्यंत येतो ती सांगूं. हवाई बेटांपैकीं माउई बेटावर हाना म्हणून एक भाग आहे. तेथील जुन्या कथेप्रमाणें गांवचे कोळी मासेमारीस गेले कीं त्यांपैकीं एकजण परत येत नसे. संशय एका कुबड्या मनुष्यावर आला. लोकांनीं त्याचें पांघरूण ओढलें, तों त्याच्या पाठीवर शार्क माशासारखें दांतांनीं भरलेलें तोंड! त्यास मारून, जाळून त्याची राख समुद्रांत टाकली. ती जेथें पडली तेथील शेवाळ विषारी झालें. त्यास ते 'हानाचें प्राणघातक शेवाळ' म्हणत, भाल्यांच्या फाळांस तें चोळीत, आणि त्या डबक्यास शिवूं नये असा निषेध पाळीत. १९६१ सालच्या ३१ डिसेंबरला शास्त्रज्ञांनीं तें डबकें शोधून नमुने घेतले. त्याच दिवशीं हवाईमधील त्यांच्या सागरी प्रयोगशाळेच्या इमारतीस आग लागली, ह्यास योगायोग म्हणावा कीं आणखी कांहीं, तें वाचकांनीं आपल्या स्वभावाप्रमाणें ठरवावें. नमुने तपासले तेव्हां तें शेवाळ नव्हतेंच. समुद्रफुलांच्या नात्यांतील, गुच्छांनीं वाढणारा पॅलिथोआ नांवाचा प्राणी होता. हवाईच्या लोकांनीं विषाची परीक्षा अचूक केली होती. चुकलें तें फक्त 'शेवाळ' हें नांव, आणि तेंही मार्सिली चुकला त्याच कारणानें. १९७१ सालीं मूर व शॉयर ह्यांनीं त्यांतील विष वेगळें काढून प्रसिद्ध केलें. त्यास पॅलिटॉक्सिन म्हणतात, व निसर्गांतील अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते.

ह्या कुळांतील सर्वच जाति विषारी नसतात, आणि मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या खडकांवर ओहोटींत त्यांचे नातलग हिरवट-तपकिरी गालिच्यासारखे पसरलेले दिसतात. पण जिवंत खडकाबरोबर पॅलिथोआ घरच्या टांकींत येतो, तेव्हां त्याचे बटणांसारखे तपकिरी गुच्छ निरुपद्रवी शेवाळासारखे दिसतात. कोणी गृहस्थ खडक स्वच्छ करावा म्हणून तो बाहेर काढतो, त्यावर कढत पाणी ओततो किंवा ब्रशानें खरवडतो. वाफेबरोबर विष हवेंत उडतें. कांहीं तासांत खोकला, दम, ताप सुरू होतो, आणि शेजारच्या खोलींतील मुलें, घरांतला कुत्राही आजारी पडतो. अशीं उदाहरणें युरोप-अमेरिकेंतील वैद्यकीय नियतकालिकांत एकाहून अधिक नोंदलेलीं आहेत, आणि कित्येकांत आरंभीं रोगाचें निदान चुकलें, कारण टांकींतील खडकाविषयीं कोणीं डॉक्टरास सांगितलेंच नव्हतें. म्हणून खडकावर अनोळखी वाढ दिसल्यास तो उकळूं नये, कोरडा घासूं नये, हातमोज्यांवांचून हाताळूं नये. आणि पाणी शांत असतां रात्रीं एकदां व दिवसां एकदां, निदान पंधरवडाभर, भिंग घेऊन त्याच्यापाशीं बसावें.